गर्ट्रूडचा गुन्हा नेमका कोणता?

नमस्कार. इतकं सविस्तर आणि इतकं चिडून लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’वरच्या लेखात मी हॅम्लेटच्या आईला, राणी गर्ट्रूडला पाठीशी घातलं, असं तुमचं म्हणणं. नवऱ्याच्या खुनात ती सामील होती, म्हणून तर दोन महिन्यांच्या आत दिराशी, म्हणजे खुनी क्लॉडियसशी, बोहल्यावर चढली. आणि शेवटी जाणूनबुजून विषाचा पेला पिऊन तिने प्रायश्चित्त घेतलं. ती निर्दोष असेल तर हॅम्लेटचा संताप पोकळ ठरतो, असंही तुम्ही बजावलंत.

लग्नाच्या घाईबद्दल आपलं दुमत नाही. राणीचंही नाही! दुसऱ्या अंकात हॅम्लेटच्या वेडाचं मूळ सापडल्याचं राजाचा सल्लागार पोलोनियस सांगतो, तेव्हा ती क्लॉडियसला म्हणते, मूळ दुसरं कुठलं असणार, त्याच्या बापाचं मरण आणि आपलं हे अतिघाईचं लग्न. खून पचवून बसलेली बाई साथीदाराशी असं बोलेल? नाही पटत. पुढे तिच्या महालात हॅम्लेट तोंडावर फेकतो की राजाला मारून त्याच्या भावाशी लग्न लावण्याइतकंच हे वाईट. त्यावर ती फक्त ‘राजाला मारून?’ एवढंच उच्चारते. 1603 च्या पहिल्या छापील प्रतीत तर ती शपथेवर सांगते की खुनाचं मला काही ठाऊक नव्हतं. ती प्रत बरीच मोडकीतोडकी आहे, तेव्हा तिचा आधार सोडून देऊ. पण क्लॉडियस? एकटाच प्रार्थनेला बसून तो खुनाची कमाई मोजतो: मुकुट, महत्त्वाकांक्षा आणि राणी. राणी त्या कमाईत आहे, कटात नाही. देवासमोर त्याने ते का लपवावं?

‘विकारविलसित’ या नावाने आगरकरांनी हे नाटक 1883 मध्ये मराठीत आणलं. विधवाविवाहाची बाजू घेणाऱ्या माणसाने पुनर्विवाह केलेल्या राणीचं नाटक निवडावं, याची मला नेहमी गंमत वाटते. तेव्हाच्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला तिचं दुसरं लग्न हाच गुन्हा वाटला असेल, तर नवल नाही. शेक्सपिअरच्या प्रेक्षकाचा आक्षेप मात्र वेगळा होता. चर्चच्या नियमाने दिराशी लग्न म्हणजे सख्ख्या नात्यातलं पाप. भावाच्या विधवेशी, कॅथरीनशी, केलेलं लग्न मोडायला आठव्या हेन्रीने हेच कारण पुढे केलं होतं.

आता हॅम्लेटच्या संतापाबद्दल. मेलेल्या बापाच्या भुताने त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या: माझ्या खुनाचा सूड घे, आणि आईच्या वाटेला जाऊ नकोस, तिला देवावर सोड. मुलाने केलं काय? त्या एका रात्री क्लॉडियस पाठमोरा, एकटा सापडतो. प्रार्थना करताना मारलं तर हा स्वर्गात जाईल, असं म्हणून हॅम्लेट उपसलेली तलवार म्यान करतो आणि थेट आईकडे जातो. तिथे तिच्यावर आग पाखडतो. पडद्याआड हालचाल झाली की बघत नाही, विचारत नाही, पातं आरपार. पोलोनियस गेला. जिथे थांबायला सांगितलं होतं तिथे त्याचा हात शिवशिवतो आणि जिथे चालवायचा तिथे आखडतो. म्हणून तर भूत पुन्हा येतं, आणि कशासाठी आलो ते सांगून लगेच म्हणतं, बघ, तुझी आई किती भेदरली आहे, तिच्याशी बोल. राणी खुनी असती तर या दृश्यात उरलं काय? एका गुन्हेगाराची उलटतपासणी. तिला माहीत नाही, म्हणूनच हा संताप चुकीच्या दारात जाऊन पडतो, आणि नाटकातली पुढची बरीच प्रेतं त्या दारातून निघतात.

पेल्याचं म्हणाल, तर लॉरेन्स ऑलिव्हिएच्या 1948 च्या चित्रपटात राणी ओळखूनच पिते, असं दिसतं. दिग्दर्शकाला ती मुभा आहे. पण संहितेत बघा: राजा क्लॉडियस ‘पिऊ नकोस’ म्हणतो, ती पिते, तो स्वतःशीच एक वाक्य पुटपुटतो आणि लगेच हॅम्लेट म्हणतो, ‘आत्ता नको, आईसाहेब, थोड्या वेळाने.’ म्हणजे तोच पेला तिने मुलापुढे धरला आहे. विष आहे हे ठाऊक असलेली आई तो धरेल?

खुनाआधीपासून तिचे दिराशी संबंध होते का, हा तुमचा उपप्रश्न मात्र मला खोडता येणार नाही. भुताचे शब्द तुमच्या बाजूने झुकतात आणि शेक्सपिअरने ते कुठेही निस्तरलेलं नाही. त्यावर तुम्ही स्वतंत्र लिहिलंत तर वाचायला आवडेल.