हवेचं भाडं

सायकल खोक्यासकट काट्यावर भरली १७ किलो. पावती फाटली ४२ किलोची.

मधले २५ किलो कशाचे, असं विचारलं तर कुरिअरच्या काउंटरवरच्या पोरानं मान वर न करता "व्हॉल्यूमेट्रिक" एवढंच सांगितलं आणि पुढच्याचं पाकीट काट्यावर टाकलं. मी बाजूला झालो नाही. मग त्यानं नाइलाजानं कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला. लांबी १४० सेंटिमीटर, रुंदी २०, उंची ७५. गुणाकार २ लाख १० हजार. त्याला ५ हजारानं भागायचं. आले ४२. खरं वजन आणि हे वजन, दोन्हींत जे जास्त असेल ते धरायचं. कमी असेल ते धरायचं, असा काउंटर मी तरी आजवर पाहिलेला नाही.

"म्हणजे आतल्या हवेचं भाडं?"

"जागेचं, काका. ट्रकमधल्या."

यात तथ्य नाही असं नाही. कापसानं भरलेली गाडी ज्यानं बघितली आहे त्याला कळतं की गाडी वजनानं भरायच्या आधी जागेनं भरते. माझा राग निराळाच आहे. याच पोरानं थोड्या वेळापूर्वी मला बांधलेलं खोकं पुन्हा उकलून दोन्ही टायरांतली हवा सोडायला लावली होती. "हवा भरलेला माल चालत नाही, वर गेल्यावर फुटतो." वर म्हणजे कुठं? माल जाणार लातूरहून पुण्याला, ट्रकनं. त्या वाटेवर सगळ्यात वर म्हणजे येडशीचा घाट. तर चाकातली हवा मी फुकट सोडली आणि खोक्यातल्या हवेचे पैसे भरले.

मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि तिथल्या ट्रॅफिकमध्ये त्याला आपली गिअरची सायकल आठवली. नवी घे म्हटलं तर तीच पाहिजे. रेल्वेनं टाकू म्हटलं तर स्टेशनवर जाऊन सोडवून आणायला साहेबांना सुट्टी नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत टाकू म्हटलं तर ड्रायव्हर पहाटे कुठल्या तरी पुलाखाली बोलावतो. त्याला दारात हवी. एकेकाळी एसटीच्या मागच्या शिडीनं हमाल सायकल थेट टपावर चढवायचा, सुतळीचे दोन वेढे द्यायचा आणि सायकल मालकाबरोबरच गावाला पोचायची. तिचं घनफळ कुणी काढलं नाही. आता टपावर काही चढवत नाहीत आणि गरिबाचं म्हणून ओळखलं जाणारं हे वाहन पाठवायला श्रीमंत असावं लागतं.

खोकं सायकलच्या दुकानातून आणलं. नवी सायकल अर्धवट जोडलेली अशा खोक्यातून येते. रिकामं खोकं दुकानदार एरवी रद्दीत घालतो, पण कुणी मागायला आलं की त्यालाही भाव येतो. पुढचं चाक, सीट, पायडलं काढली. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, सैल करायला पाना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवावा लागतो. मी तो तसाच फिरवत होतो, तरी शेजारचे दोघं कुंपणावरून "उलटं फिरवलालाव" म्हणून ओरडत राहिले. फोर्कच्या टोकांत लाकडी ठोकळा बसवला, गिअर बदलणाऱ्या डिरेलरला जुनी चादर गुंडाळली आणि हँडल आडवं करून फ्रेमला आवळलं. त्या हँडलमुळं खोक्याला मधोमध पोट आलं. खोक्यावर छापलेली रुंदी १८. पोरानं टेप लावला तो नेमका पोटावर, तिथं भरली २०. हे दोन सेंटिमीटर मला चार किलोंना पडले.

"पोटावर टेप लावतेत व्हय रे?"

आवाज बाकड्यावरून आला. सफारीतले एक गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. निवृत्त तलाठी. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण हे जुन्या वळणाचे, तलाठीच. मुलगी हिंजवडीला, तिला खाऊ पाठवायला आलेले.

"मोजणी कुणी केली?"

"मी," पोरगा म्हणाला.

"चतुःसीमा घातल्याबिगर?"

त्यांनी उठून त्याच्या हातातला टेप घेतला आणि फॉर्मची पाठकोरी बाजू माझ्यापुढं सरकवली. "लिवा. पूर्वेस काउंटर. पश्चिमेस मालक स्वतः हजर. दक्षिणेस फ्रिजचं खोकं, मालक अज्ञात. उत्तरेस सार्वजनिक रस्ता." मी का लिहीत होतो, मला माहीत नाही. आवाजच असा होता की हात आपोआप चालायला लागला. मग ते खोक्याच्या पोटापाशी वाकले, बोटानं दोनदा दाबून बघितलं आणि निकाल दिला, "ह्यो भाग पोटखराब्यात, म्हंजी नापीक जमिनीत धरा. पोटखराब्याला आकारणी नसती."

"सिस्टिममध्ये तसं नाही, सर."

"सिस्टिम?" तलाठी बाकड्यावर परत बसले. सावकाश. आता सगळी रांग ऐकत होती. "आवो, दुष्काळात आणेवारी, म्हंजी पिकाचा अंदाज लावायचा म्हन्लं तर आमी बांधावर जायचो. उभं पीक बगायचो. पन्नास पैशाच्या आत लावली तर लोक च्या पाजायचे, वर लावली तर गाव सोडायची पाळी. पर काय तरी उगवलेलं असायचं बगा तितं. हवंवर आकारणी निजामानं बी लावली न्हाई."

मला हे फार आवडलं. माझ्या बाजूनं इतक्या अधिकारवाणीनं आजवर कुणी बोललेलं नाही, घरात तर नाहीच. तेवढ्यात पोरानं त्यांची पिशवी काट्यावर ठेवली. सहा किलो. आकार लहान, त्यामुळं खरं वजनच धरलं.

तलाठी गप्प झाले. पावती करू लागलेल्या पोराला त्यांनी हातानं थांबवलं आणि माझ्या खोक्याकडं बघितलं. एखाद्याच्या पडीक जमिनीकडं बघावं तसं.

"साहेब, पंचवीस किलोचं भाडं भरलंय तुमी. रिकामं कशाला पाठवलालाव?"

मी नको म्हणालो. खरोखर म्हणालो. पण पोरानं खांदे उडवले, "४२च्या आत बसलं तर माझं काय जातंय," आणि खोकं तिसऱ्यांदा उकललं. आमटीचं येसर, कारळाची चटणी, ज्वारीचं पीठ आणि खारोड्या फ्रेमच्या त्रिकोणात बसल्या. मालाची नोंद तलाठ्यांनी त्याच पंचनाम्यावर करायला लावली. मग रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, गोधडी तेवढी घ्या, सायकलीला गादी होईल. कात्रजला नात आहे. 'नीट'च्या क्लासचा एक पोरगा पुण्यातल्या मित्रासाठी नोट्सचा गठ्ठा घेऊन आला होता. लातुरात अभ्यास असा किलोवर मिळतो. तोही गेला आत. काटा २८वर थांबला. "अजून चौदा शिल्लक हायेत," असं म्हणत तलाठी रस्त्यावर कुणी ओळखीचं दिसतंय का बघू लागले. फॉर्मवर मी "वापरलेली सायकल, १ नग" असं लिहिलं होतं. त्यापुढं त्यांनी स्वतःच्या अक्षरात "व इतर" घातलं. भाड्याचं बघू म्हणाले. अजून बघतायत.

सायकल पोचली. 'दारात' म्हणजे सोसायटीच्या गेटात, हा अर्थ मुलाला तिथं कळला. तिसऱ्या मजल्यावर त्यानंच ओढत नेली. ठोकळ्यामुळं फोर्क शाबूत होता, पण डिरेलर ज्याला लटकतो तो हँगर वाकला होता. खोक्याच्या ज्या बाजूला मी बाण काढून 'ही बाजू वर' लिहिलं होतं, त्या बाजूला बुटाचा ठसा होता. भरपाईसाठी फोन केला तर पलीकडून सांगितलं, खोक्यात मोघम वर्णनाचा माल होता, क्लेम बसत नाही. ४२ किलोची जागा मी विकत घेतली होती. तिच्यावर पाय कुणी ठेवायचा, हे विचारायला मात्र कोणतीच खिडकी नाही. वर पुण्यात त्या हँगरसाठी मुलाला तीन दुकानं फिरावी लागली. आणि बंद सायकल घरात ठेवून, ज्या ट्रॅफिकला तो कंटाळला होता त्याच ट्रॅफिकमधून, रिक्षानं कात्रजला गोधडी आणि हिंजवडीला येसर पोचवावं लागलं.

त्या रात्री तलाठ्यांच्या मुलीचा मला फोन आला. आवाज गोड होता. "काका, येसर मिळालं. पीठ थोडं ऑइलचं वास मारतंय, पण चालेल. शेवया मात्र दिसल्या नाहीत. असू द्या, शेवयाच त्या."

मी पंचनाम्याचा कागद काढला. येसर, चटणी, पीठ, खारोड्या. शेवया नाहीत. लगेच तलाठ्यांना फोन लावून यादी वाचून दाखवली.

"पंचनाम्यात नसतील," ते शांतपणे म्हणाले, "पर मालात व्हत्या."