मुलगी बापाची, मुलगा आईचा? कुणी ठरवलं?

फादर्स डे आला की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. मुलीचा ओढा बापाकडे, मुलाचा आईकडे; हा निसर्गनियम आहे, मनोविश्लेषक फ्रॉइडने तो सिद्धच केलाय, म्हणून बापलेकाचं पटत नाही.

आधी फ्रॉइड. 1909 साली त्याने पाच वर्षांच्या 'छोट्या हान्स'ची हकिगत छापली. उपचार चालू असताना त्या पोराला तो भेटला एकदाच; बाकी टिपणं मुलाच्या वडिलांनी पाठवलेली. मुलाला बाप प्रतिस्पर्धी वाटतो, हा फ्रॉइडचा दावा; त्याला साक्षीदार कोण, तर खुद्द बाप! आणि मुलींचं म्हणाल, तर 1931 मध्ये फ्रॉइडनेच लिहिलं की मुलीचाही पहिला, खोल जीव आईवरच असतो. मुलीच्या बापाकडच्या ओढीला वापरला जाणारा 'इलेक्ट्रा' हा शब्द मानसशास्त्रज्ञ युंगचा, फ्रॉइडला तो मान्य नव्हता. म्हणजे फॉरवर्डचा अर्धा भाग त्याच्याच हाताने गळतो.

निसर्गनियम? पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रियांड बेटांवर वारसा आईकडून चालतो, धाक मामाचा असतो, बाप खेळगडी. तिथल्या मुलांचा राग मामावर निघतो, असं मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने 1927 मध्ये मांडलं. त्यावर पुढे वाद झाले, पण प्रश्न नेमका होता: राग बापाचा येतो की धाकाचा?

ग्लासगोत 60 तान्ह्या बाळांचा माग घेऊन 1964 साली निष्कर्ष छापले गेले. दीड वर्षाची होईपर्यंत बहुतेकांना एकाहून जास्त माणसांचा लळा लागला होता, त्यांत बाबाही होते. नुसतं खाऊपिऊ घालणाऱ्यापेक्षा हाकेला ओ देणाऱ्याकडे बाळं झेपावत.

बापलेकाचं पटत नाही हे पंधराव्या वर्षी खरं असेलही. त्यात गाडीच्या किल्लीचा वाटा मोठा.

आपल्या भाषेकडेच बघा ना. 'अगं आई', पण 'अहो बाबा'. हे मुलगाही म्हणायचा, मुलगीही. अंतर लेकरू मुलगा की मुलगी यावर नव्हतं; बाप घरात कसा वावरतो, यावर होतं. अण्णांच्या चपला दारात वाजल्या की मी आणि ताई, दोघंही पुस्तकात डोकं खुपसायचो. ताईची लेक आता 'ए बाबा, इकडे ये' म्हणून हुकूम सोडते. तिचा धाकटा भाऊही तेच म्हणतो, फक्त जास्त ओरडून.