शेजारच्या देशात फौज धाडायचीय? मग बसा भो

रामराम. थंडी पडली, शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला लागली, की आपल्या खान्देशातल्या भरीत पार्ट्यांत परराष्ट्र धोरणाचा हंगाम सुरू होतो. भरिताला फोडणी बसेपर्यंत शेजारच्या देशातलं सरकार गडगडलेलं असतं, आणि कळण्याची पहिली पुरी ताटात पडते तोवर आपली फौज त्यांच्या राजधानीत. माझी काहीच हरकत नाही. फक्त एवढी मोहीम काढताय तर कायद्याने काढा. उद्या कुणी ‘तुले काय करनं शे?’ म्हणून विचारलं, तर हातात कागद हवा.

सगळ्यात आधी पत्र मिळवा, ‘या हो, वाचवा’ अशा मजकुराचं. कुणाचं, याची फार चिकित्सा नको. १९८३ मध्ये अमेरिका ग्रेनाडात उतरली तेव्हा पूर्व कॅरिबियन देशांच्या संघटनेचं बोलावणं होतं, शिवाय ग्रेनाडाचेच गव्हर्नर जनरल पॉल स्कून यांचं पत्र. त्यावर सही फौज उतरण्याआधी झाली की नंतर, यावर अभ्यासक भांडत असतात. तुम्ही भांडू नका, तारीख तेवढी आदल्या दिवसाची टाका. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी निषेध केला. त्यावर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन म्हणाले, माझ्या नाश्त्यात काही बिघाड झाला नाही. सही करणारा खुर्चीवर असलाच पाहिजे असंही नाही. २०१४ साली युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष यानुकोविच पळून रशियात गेले होते, तरी त्यांच्या नावाचं पत्र रशियाच्या प्रतिनिधीने सुरक्षा परिषदेत सगळ्यांना दाखवलंच.

आता परवानगी. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम २(४) म्हणतं, दुसऱ्या देशावर बळ वापरू नका. कलम ५३ म्हणतं, प्रादेशिक संघटनांनी सुरक्षा परिषदेच्या संमतीशिवाय सक्तीची कारवाई करू नये. घाबरू नका. आपल्याकडे भाऊबंद आधी बांध कोरतो आणि मग मोजणीचा अर्ज करतो, तसंच. पश्चिम आफ्रिकेच्या इकोवास या संघटनेची फौज ऑगस्ट १९९० मध्ये लायबेरियात शिरली. नोव्हेंबर १९९२ मध्ये परिषदेने ठराव केला, त्यात इकोवासचं कौतुकच होतं.

घरचं उदाहरण द्यायचं तर १९८८ चं मालदीव द्या. राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी स्वतः मदत मागितली, आग्र्याहून निघालेले जवान त्याच रात्री हुलहुले विमानतळावर उतरले. स्वच्छ काम. श्रीलंकेचं नाव मात्र काढू नका. तिथे कागद पक्का होता, १९८७ चा करार, दोन्ही देशांच्या सह्यांचा. दोन वर्षांत नव्या राष्ट्राध्यक्षांनी ‘आता निघा’ म्हणून सांगितलं, आणि १९९० मध्ये शेवटची तुकडी परतेपर्यंत आपले जवळपास १२०० जवान जिवानिशी गेले होते. पार्टीत हा विषय निघाला की कुणीतरी लगेच भरीत वाढायला उठतं.

राहिली शेजाऱ्याची निवड. कायद्याची सगळी मेख इथेच आहे. गांबिया घ्या: तीन बाजूंनी सेनेगल, चौथीला समुद्र. निवडणूक हरलेले राष्ट्राध्यक्ष जामेह खुर्ची सोडेनात. १९ जानेवारी २०१७ ला विजेते बॅरो यांनी सेनेगलच्या राजधानीत, डाकारमधल्या आपल्या दूतावासात शपथ घेतली, त्याच दिवशी परिषदेचा ठराव आला. ‘आधी राजकीय मार्गाने’ असं त्यात लिहिलं होतं; इकोवासची फौज त्याच दिवशी हद्दीत शिरली. दोन दिवसांत जामेह देश सोडून गेले. मतं बॅरोंनाच पडली होती, हे मात्र खरं, आणि या सगळ्या गोतावळ्यात मला पटतं ते तेवढंच.

नायजरच्या वाटेला जाऊ नका. जुलै २०२३ मध्ये लष्कराने निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष बझूम यांना डांबलं, आणि त्याच इकोवासने आठवड्याची मुदत देऊन बळाची धमकी दिली. सनद तीच, कलमंही तीच. पण शेजारचे माली आणि बुर्किना फासो म्हणाले, नायजरवर हल्ला म्हणजे आमच्याशी युद्ध. नायजेरियाच्या सिनेटलाही लढाईचा उत्साह नव्हता. मुदत संपली, महिने गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बहुतेक निर्बंधसुद्धा उठले. म्हणून सांगतो भो, मुदत द्यायचीच झाली तर तारीख सांगू नका, ‘लवकरच’ म्हणा.