शंभर-शून्य म्हणे!

आपल्या सांगलीतल्याच एका ग्रुपवर पोरांनी टाकलंय, आमच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या नव्या एआय मॉडेलनं (म्हणजे प्रोग्रॅमनं) जुन्याला १००-० धुतलं. पन्नास डाव पांढऱ्यानं, पन्नास काळ्यानं. खाली नुसता अभिनंदनाचा पाऊस. मी आपली डावांची फाईल उघडली तर तिसऱ्या डावात १७ व्या चालीला घोडा एफ-५ वर, सातव्यात पण १७ व्यालाच घोडा एफ-५ वर, नवव्यात पण तेच. अरे लेकांनो, डाव दोनच झालेत, बाकीचे ९८ झेरॉक्स आहेत!

आणि होणारच ना. दोन्ही मॉडेल दर वेळी आपल्याला सगळ्यात भारी वाटणारी चाल खेळणार, सुरुवात तीच, पुढच्या किती चाली बघायच्या ते ठरलेलं, मग डाव वेगळा होणार कुठून. एकच पेपर शंभर वेळा सोडवून शंभर वेळा पास झालो म्हणण्यातला प्रकार झाला हा.

ही भानगड जुनीच आहे. अटारी २६०० ह्या जुन्या व्हिडिओ गेम मशीनच्या गेमवर एआय तपासायला लागले तेव्हा पण हेच, त्या मशीनमध्ये नशीब नावाची चीजच नाही, तीच बटणं त्याच वेळी दाबली की तोच खेळ. मग स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता नुसती बटणांची रांग पाठ करणारा प्रोग्रॅम सुद्धा बऱ्याच गेममध्ये भारी स्कोअर काढायचा. गूगलच्या डीपमाइंड ह्या एआय कंपनीच्या २०१५ च्या संशोधन-पेपरात सुरुवातीला जास्तीत जास्त ३० वेळा काहीच न करता थांबायचं, असा रँडमपणा घातला होता. पण सुरुवात हलली तरी पुढचं सगळं ठरलेलंच, म्हणून २०१८ मध्ये दुसरा उपाय आला, दर वेळी २५ टक्के शक्यता की तुम्ही दिलेलं बटण लागायचंच नाही, मागचंच परत लागणार. पाठांतरवाला तिथं गार.

ग्रुपवर एकजण म्हणाला मग बुद्धिबळात पण अधूनमधून चाल रँडम करू. नको रे बाबा! वजीर फुकट गेल्यावर कोण जिंकलं ह्यात काय कळणार? अटारीत बटण चुकलं तर सावरता येतं, इथं डावच संपतो. रँडमपणा सुरुवातीला घाला, वेगवेगळ्या ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, काढा आणि प्रत्येक ओपनिंग दोनदा खेळवा, रंग बदलून. म्हणजे ओपनिंग एका बाजूला झुकलेली असली तरी दोघांना एकेकदा फायदा. बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे इंजिनांच्या, टीसीईसी स्पर्धेत हेच करतात. डीपमाइंडच्याच अल्फाझीरो प्रोग्रॅमनं २०१७ मध्ये स्टॉकफिश ह्या नावाजलेल्या इंजिनाला १०० डावांत २८ जिंकून, ७२ बरोबरीत ठेवून हरवलं तेव्हा पण लोकांनी शंका काढल्याच, मग २०१८ च्या पेपरात १००० डाव आले, १५५ जिंकले, ६ हरले, आणि वर ठरवून दिलेल्या ओपनिंगवरचे सामने पण होते.

तेव्हा पोरांनो, मॉडेल चांगलं असेल पण, मी नाही म्हणत नाही. ओपनिंगची यादी आणि सीडचा आकडा (ज्यावरून रँडम निवड ठरते तो) टाका, आणि परत खेळवा. ७०-३० आलं तरी मी पहिला लाईक मारतो.