पूर्वसूचनेवाचून घोडा कसा न्यावा

आपला घोडा एका पागेतून दुसऱ्या पागेत हलवण्याचे ज्या अश्वमालकांच्या मनात आहे, त्यांच्या सोयीसाठी काही सूचना येथे देत आहे. मासिक शुल्क घेऊन दुसऱ्याचे घोडे सांभाळणाऱ्या पागा गोव्यात मोजक्याच असल्यामुळे या विषयावर मार्गदर्शन सहसा मिळत नाही, आणि यंदाच्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माझ्या पागेतून एक घोडा ज्या कौशल्याने नेण्यात आला ते पाहता ही विद्या एकाच मालकापुरती मर्यादित राहणे समाजाच्या हिताचे नाही, असे माझे मत झाले आहे.

सर्वप्रथम दिवस निवडावा. चवथीचा पहिला दिवस सर्वोत्तम होय, कारण त्या दिवशी पागेचा मालक मूळ घरी, गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली पाहुण्यांच्या गराड्यात असतो, पशुवैद्य फोन उचलत नाही, आणि पागेवर घोड्यांची निगा राखणारा एकटा सईस असतो, ज्याला ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ एवढे सांगितले की तो बिचारा स्वतःच घोडा बाहेर काढून देतो. ज्यांना चवथीपर्यंत थांबणे शक्य नाही, त्यांनी शिगम्याचा विचार करावा.

सूचना आगाऊ देऊ नये. द्यायचीच झाली तर घोडा फाटकाबाहेर पडल्यानंतर, रात्री उशिरा, व्हॉट्सॲपवर द्यावी आणि शेवटी जोडलेले हात टाकावेत. त्या हातांनंतर समोरच्याने थकबाकीचा विषय काढला, तर असंस्कृत तोच ठरतो.

ब्रिटनमध्ये, जेथे शुल्क घेऊन दुसऱ्याचे घोडे सांभाळण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे, पागामालक आणि अश्वमालक यांच्यात सहसा लेखी करार होतो. केवळ जागा घेऊन सगळी देखभाल स्वतः करणारा, अर्धी देखभाल पागेवर सोपवणारा आणि पूर्ण देखभाल सोपवणारा असे ग्राहकांचे प्रकार वेगवेगळे धरले जातात, आणि पागा सोडण्यापूर्वी साधारणपणे चार आठवड्यांची किंवा महिन्याची सूचना द्यावी लागते. माझ्या पागेतही असा कागद आहे व त्यावर आपली सही असते. सही करताना तो वाचू नये, म्हणजे पुढे ‘असे आपले काही ठरले नव्हते’ हे वाक्य निर्मळ मनाने उच्चारता येते. कायद्याची धास्ती तर मुळीच बाळगू नये. इंग्लंडच्या जुन्या निवाड्यांनुसार सराईवाल्याला थकलेल्या पैशांपोटी पाहुण्याचा घोडा अडवून ठेवता येई, परंतु पैसे घेऊन घोडा पोसणाऱ्या तबेलेवाल्याला, करारात तसे लिहिलेले नसेल तर, तो हक्क नव्हता. घोड्याऐवजी त्याच्या मालकाला जेवू घातले असते तर माझी बाजू अधिक भक्कम झाली असती, असा याचा अर्थ.

नालबंद बेळगावहून येतो आणि त्याची फेरी आधीच ठरलेली असते. त्याला न कळवण्याचे वेगळे सांगायला नको.

सूचनेच्या महिन्याचे शुल्क म्हणजे पागामालकाची हाव आहे, असे मनाशी पक्के धरावे आणि मित्रमंडळींत तसेच सांगावे. ‘घोडा तिथे नाही, मग पैसे कशाचे?’ हा प्रश्न ऐकायला इतका चोख वाटतो की त्यावर कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. चारशे किलोंच्या घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या सुमारे 2 टक्के, म्हणजे 8 किलोंच्या आसपास सुकी वैरण लागते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा हिशेब जवळपास एक टन होतो. ती वैरण पावसात कोठून येणार, याची चिंता आपण करू नये, कारण ती मे महिन्यातच दुसऱ्या कोणीतरी केलेली असते. घाटमाथ्यावरून चोर्ला घाट उतरून ट्रक येतो, पैसे रोख मोजावे लागतात, वखारीत लाकडी फळ्या टाकून जमिनीपासून उंच थप्पी रचावी लागते, आणि पावसाळाभर तिची उलथापालथ करावी लागते, कारण दमट हवेत बुरशी धरलेले गवत खाऊन घोड्याला खोकला लागतो नाहीतर पोटशूळ उठतो, आणि तेव्हा ‘पागेत लक्ष नाही’ म्हणणारे मालकही आपणच असतो. पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना घरात चार माणसे आहेत म्हणून चौघांपुरते भरले जाते. आषाढात एक जण उठून गेला तर दुकानदार उरलेल्या मिरच्या परत घेत नाही. माझ्या वखारीत आजही त्या घोड्याच्या वाट्याचे गवत पडून आहे. ते दुसऱ्या घोड्याला घाला, असे मला सुचवण्यात आले. दुसरा घोडा त्याच्या वाट्याचे गवत खातो, महाशय. एक घोडा गेला म्हणून उरलेल्यांची भूक वाढत नाही. नवा घोडा रिकाम्या ठाणावर यायला वेळ लागतो, भर पावसात तर कोणी घोडा विकतही घेत नाही, आणि तोवर ठाणाचे भाडे, पाण्याचे बिल, सईसाचा पगार यांपैकी एकही गोष्ट चवथीची सुट्टी घेत नाही. सूचनेचा महिना म्हणजे दंड नव्हे, तुमच्यासाठी आधीच झालेल्या खर्चाचा शेवटचा तुकडा आहे, हे समजायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

असो. सूचना पुढे चालू ठेवतो.

घोड्यांच्या बाबतीत पैसे चुकते करण्याची या मुलखाला जुनी परंपरा आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करावे. पंधराव्या शतकात विजयनगरच्या साळुव नरसिंह राजाने होर्मुझ आणि एडनकडून समुद्रमार्गे येणारे घोडे जिवंत असोत वा मेलेले, ठरल्या दराने विकत घेतले, आणि वाटेत दगावलेल्या घोड्याची नुसती शेपटी आणून दाखवली तरी त्याचे पूर्ण पैसे दिले, अशी एका पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्याने नोंद करून ठेवली आहे. माझ्याकडे तर शेपटीसह अख्खा घोडा होता, जिवंत होता, रोज खरारा केलेला होता, आणि तरीही चालू महिन्याचे शुल्क बाकी आहे.

वाहन ठरवताना चिरे वाहणारा टेंपो पाहावा. त्याचा लोखंडी तळ पावसाने गुळगुळीत झालेला असतो, चढवायला उतरती फळी नसते, पण भाडे कमी पडते. वाहनातून घोडा नेण्यापूर्वी तो प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला लागतो, असे 1978 चे पशुवाहतुकीचे नियम सांगतात. पशुवैद्य चवथीला असल्याने तो प्रश्न आपोआप मिटतो.

नव्या पागेला काही सांगू नये. घोडा कोठून आला, त्याच्या शेजारच्या ठाणावर कोण होते, कोणाच्या जबड्याखाली गाठी आल्या होत्या काय, हे विचारण्याचा त्यांना मोह होईल. जबड्याखाली गाठी आणणाऱ्या स्ट्रँगल्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची लागण झाल्यावर लक्षणे दिसायला 3 ते 14 दिवस लागतात आणि म्हणूनच नवा घोडा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवायचा असतो. ग्लँडर्स हा घोड्यांचा दुसरा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो, तो 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवणे बंधनकारक असलेला रोग आहे, आणि त्याच्या तपासणीसाठी रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पाठवले जातात. या सगळ्याला वेळ लागतो. एवढा वेळ ज्याच्याजवळ असतो, तो सूचना देऊनच जातो.

सईसाला काही देऊ नये. निरोपही घेऊ नये. मे महिन्याच्या उकाड्यात घोड्याचा घाम येणे थांबले तेव्हा दुपारभर त्याच्यावर पाणी ओतत उभा राहिलेला माणूस हाच, हे लक्षात आणून देणारे शेजारी कोणी असल्यास त्यांना हसून उत्तर द्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घोडा काय खातो, हे चुकूनही विचारू नये. इंटरनेटवर सगळे असते. पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त झालेला घोडा किनाऱ्यावरच्या फोटोंत बारीक दिसतो, म्हणून नव्या जागी पोहोचताच त्याला तोबरा भरभरून हरभरा घालावा.

तसेच घातले गेले. काही दिवसांनी मध्यरात्री मला फोन आला तो घोड्याच्या मालकाचा नव्हता, नव्या पागेच्या माणसाचा होता. त्याचा घसा कोरडा पडला होता. ‘भाई, ह्या घोड्याला तुम्ही काय घालत होता? हा लोळतोय, पोटाकडे वळून बघतोय, दुपारपासून लीद नाही.’ त्या माणसावर माझा राग नाही. त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. मी त्याला सांगितले की दाणा-चंदी बंद करा, घोडा फिरवत ठेवा, पशुवैद्याला झोपेतून उठवा, आणि हा घोडा हरभरा पचवू शकत नाही, त्याला पाण्यात कालवलेला कोंडा आणि सुके गवत एवढेच चालते, हे आमच्या वहीत तो आल्यापासून लिहिलेले आहे. पशुवैद्याने नळीने पॅराफिन घातले. पहाटे घोड्याने लीद टाकली. तो वाचला, यात तुमचा वाटा शून्य आहे.

घोड्याला उलटी करता येत नाही, एवढे तरी तुम्हाला ठाऊक आहे काय? जे पोटात गेले ते पुढेच सरकायला हवे, नाहीतर आतडे फुगते, पीळ पडतो आणि चारशे किलोंचे जनावर काही तासांत मरते. त्याच्या मोठ्या आतड्यातले जीवाणू वैरण पचवतात, आणि खाणे बदलले की त्यांना जुळवून घ्यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून जुने गवत थोडे थोडे कमी करत नवे वाढवायचे असते, जुन्या पागेतून दोन पेंढ्या बरोबर न्यायच्या असतात, चंदीचे माप लिहून घ्यायचे असते. सूचनेचा महिना त्यासाठी असतो. तुम्ही मला विचारले असते तर मी गवत फुकट दिले असते. ते माझ्याकडे सडतेच आहे. माझी पागा पटली नाही, तर जरूर सोडा. दुसरीकडे शुल्क कमी असेल, किनारा जवळ असेल, माझा स्वभाव आवडत नसेल. यांपैकी कोणतेही कारण मला पुरेसे होते आणि कोणतेही कारण मी विचारले नसते. परंतु गैरहजेरीत गरीब माणसाशी खोटे बोलून, पावसात, चिऱ्यांच्या टेंपोत घालून जनावर पळवण्याची वेळ तुमच्यावर कोणी आणली होती? तुमचाच घोडा तुम्ही चोरल्यासारखा नेलात, आणि त्याचे दुखणे मात्र माझ्या फोनवर पाठवलेत.

त्याची लशींची वही अजून माझ्या कपाटात आहे. धनुर्वाताची पुढची मात्रा केव्हा द्यायची ते तिच्यात लिहिलेले आहे, आणि नव्या पागेच्या माणसाने ती दोनदा मागितली आहे. तुमचे पैसे राहू द्या, ती वही घेऊन जा. आणि या वेळी, कृपा करून, आधी कळवून या.