येरवडा, स्वान्सी आणि पुढची तारीख

पुण्याच्या विश्रांतवाडीत वाढलेल्या पोरांना 'येरवडा' या शब्दाचे दोन अर्थ शाळेत जायच्या आधीच कळतात. कुणी चोरीत सापडला की 'गेला येरवड्याला', आणि कुणी स्वतःशीच बडबडायला लागला की 'याला येरवड्याला न्या'. तुरुंग आणि मनोरुग्णालय एकाच उपनगरात, त्यामुळे ही आमच्या भागापुरती बोलायची रीत असं मला वाटायचं. पुढे लक्षात आलं की महाराष्ट्रातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत आणि या चारही ठिकाणी तुरुंगही आहेत. एवढी शेजारीशेजारी नांदूनही तुरुंगातल्या माणसाचं मन हा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं: कैद्यांचे एवढे लाड कशाला?

२०२३ साली महाराष्ट्रात पन्नाशीपुढच्या कैद्यांना स्वखर्चाने पातळ गादी आणि उशी वापरायची परवानगी मिळाली, तेव्हा आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस हेच चाललं होतं. 'सरकारी जावई', 'आता एसी पण लावा', 'भोगू दे की'. घरच्यांना फोन करता यावा म्हणून कार्डवरचे फोन आले, तेव्हाही तेच. लिहिणारी माणसं वाईट नाहीत. दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय न पाठवणारी माझी सख्खी माणसं आहेत ती. म्हणूनच हे त्यांना सविस्तर सांगावंसं वाटतं.

मी एकवीस वर्षं वेल्समध्ये स्वान्सीला राहते. इथे समुद्राकडच्या रस्त्यावर एक जुना दगडी तुरुंग आहे. १९९० च्या जुलैमध्ये तिथे एका पंधरा वर्षांच्या मुलाने जीव दिला. पंधरा वर्षांचा मुलगा, मोठ्या माणसांच्या तुरुंगात. त्या मृत्यूनंतर, १९९१ साली, याच तुरुंगात 'लिसनर', म्हणजे ऐकणारा, ही योजना सुरू झाली आणि आज ती इंग्लंड-वेल्सच्या जवळपास सगळ्या तुरुंगांत आहे. समॅरिटन्स ही संस्था ती चालवते. जगणं नकोसं झालेल्या माणसांचं ऐकून घेण्यासाठी १९५३ साली लंडनमध्ये एका धर्मगुरूने सुरू केलेली ही संस्था. मी तिची स्वयंसेवक आहे आणि एका तुरुंगात (स्वान्सीच्या नव्हे) लिसनरच्या प्रशिक्षणाला जाते. तिथे कोण काय बोललं ते मी कुणाला सांगत नाही, इथेही नाही. काम कसं चालतं तेवढं सांगते.

लिसनर स्वतः कैदी असतो. त्याची निवड आणि तयारी बाहेरचे स्वयंसेवक करतात. रात्री दोन वाजता एखाद्याची छाती धडधडायला लागली, भिंती अंगावर येतायत असं वाटलं, तर तो पहारेकऱ्याकडे लिसनर मागू शकतो. लिसनर उठून येतो आणि समोर बसतो. सल्ला देत नाही, उपदेश करत नाही, 'सगळं ठीक होईल' म्हणत नाही. ऐकतो. ऐकलेलं अधिकाऱ्यांच्या कानावर जात नाही. प्रशिक्षणात सगळ्यात अवघड काय जातं, तर गप्प बसणं. समोरचा थांबला की आपल्या तोंडून काहीतरी बाहेर पडतंच, ते आवरायला महिने लागतात. मलाही लागले.

बाहेर आपल्याला टेन्शन आलं की आपण चार पावलं चालून येतो, चहा टाकतो, बहिणीला फोन लावतो. एवढ्यावर निभावून जातं. आत दार दुसऱ्याच्या हातात, चहा दुसऱ्याच्या वेळेवर आणि बहीण पंधरा दिवसांनी काचेपलीकडे. म्हणून बाहेर तासाभरात उतरणारी भीती आत रात्रभर वाढत राहते. पहिले काही दिवस आणि कोर्टाच्या निकालानंतरच्या रात्री सगळ्यात धोक्याच्या, हे इथला प्रत्येक अनुभवी अधिकारी सांगतो.

यावरून कुणाला वाटेल की इथले तुरुंग फार चांगले आहेत. नाहीत. २००६ पासून इथल्या कैद्यांच्या तब्येतीची जबाबदारी सार्वजनिक आरोग्यसेवेकडे, म्हणजे एनएचएसकडे आहे. जो स्वतःचं काही बरंवाईट करून घेईल असं वाटतं त्या कैद्याची नारिंगी फाइल उघडतात आणि रात्रभर ठरावीक वेळाने त्याला पाहून जातात. आत होणाऱ्या प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र लोकपालाकडून चौकशी होते. एवढं असूनही २०२३ साली इंग्लंड-वेल्सच्या तुरुंगांत स्वतःला इजा करून घेण्याच्या ७०,००० हून जास्त घटना नोंदल्या गेल्या. कैदी सुमारे ८७,०००. गर्दी इतकी की २०२४ च्या सप्टेंबरात मुदतीआधी कैदी सोडावे लागले.

आणि इथली एक गोष्ट आपल्याकडे प्रत्येक वकिलाने, न्यायाधीशाने वाचावी अशी आहे. २००३ च्या कायद्याने, २००५ पासून, इथे एक नवी शिक्षा लागू झाली. तिला आयपीपी (समाजाच्या संरक्षणासाठी कैद) म्हणत. न्यायाधीश किमान मुदत सांगायचा, कधी दोन वर्षांहूनही कमी, पण सुटकेची तारीख नाही. 'आता तू समाजाला धोकादायक नाहीस' असं सुटकेचा निर्णय घेणाऱ्या पॅरोल मंडळाला पटेपर्यंत आतच. पटवायचं तर ठरावीक अभ्यासक्रम पुरे करायचे आणि त्या अभ्यासक्रमांना लांबलचक रांगा. ८,७०० हून अधिक लोकांना ही शिक्षा झाली. २०१२ मध्ये ती रद्द झाली, पण आधी दिलेल्यांची तशीच राहिली, आणि २०२४ मध्येही हजाराहून जास्त माणसं अशी होती की ज्यांची एकदाही सुटका झालेली नव्हती. ज्या गृहमंत्र्यांनी, डेव्हिड ब्लंकेट यांनी, हा कायदा आणला त्यांनीच पुढे जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. संसदेच्या समितीने २०२२ मध्ये या सगळ्यांना नव्याने, मुदतीची शिक्षा द्या म्हणून सांगितलं. सरकारने ते नाकारलं.

या माणसांची झोप उडते, घाबरं होतं, चिडचिड होते. ती चिडचिड कागदावर 'धोका' म्हणून चढते, म्हणून सुटका आणखी लांबते. मग शहाणा कैदी काय करतो? त्रास होतोय हे सांगायचंच बंद करतो. डॉक्टर आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, गोळ्या आहेत, पण दुखणं कायद्याने लावलेलं आहे आणि त्यावर गोळी चालत नाही.

आता आपल्या घरी या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती, जागा ४,३६,२६६ जणांची. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. शंभरातले जवळपास शहात्तर. इंग्लंडमध्ये हे प्रमाण पाचात एक आहे आणि त्याचीही इथे ओरड होते. आपल्याकडे पाच वर्षांहून जास्त काळ खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसलेले ११,००० च्या वर होते. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात क्षमता हजाराच्या आत आणि माणसं तिपटीहून जास्त. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगून बदलायची.

म्हणजे 'भोगू दे की' हे आपण ज्यांच्याबद्दल म्हणतो, त्यातल्या चारांपैकी तिघांना शिक्षा झालेलीच नाही. त्यांनी नक्की किती भोगायचं हे कुणी ठरवलेलंच नाही. जी शिक्षा इंग्लंडने लाज वाटून रद्द केली, ती आपण कायदा न करता, नुसत्या दिरंगाईने देतो आहोत. हे लिहिताना मला राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. अमिताव रॉय समितीला २०१७ ते २०२१ या पाच वर्षांत देशातल्या तुरुंगांमधले ८१७ अनैसर्गिक मृत्यू आढळले. त्यातल्या ६६० आत्महत्या होत्या. बराकीत जीव घाबरण्याच्या या त्रासाला कुणी 'अँग्झायटी' म्हणत नाही. 'टेन्शन आलंय', 'पोटात गोळा येतो', 'डोकं सुन्न झालंय' म्हणतात, आणि मिळाली तर झोपेची गोळी मिळते.

कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०३ सांगतं, प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या रुग्णालयात मानसोपचाराची सोय करा. तेच कलम तुरुंगाच्या डॉक्टरला दर तीन महिन्यांनी एक अहवाल द्यायला लावतं, की या तुरुंगात एकही मनोरुग्ण कैदी नाही. हेतू चांगला असावा. आजारी माणसाला कोंडून ठेवू नये हा. १९९३ मध्ये पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणं बेकायदा ठरवलं, त्या वाटेवरचंच हे पाऊल. पण हजारो माणसांमागे एक-दोन डॉक्टर असताना 'एकही नाही' असं लिहून द्यायला लावणं म्हणजे शोधू नका असंच सांगणं नव्हे का?

'आणि ज्यांच्यावर गुन्हा झाला त्यांचं काय?' असं माझ्या आत्याने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण आत्या, तारीख पडली की फिर्यादी बाईसुद्धा दिवसाची मजुरी बुडवून कोर्टाच्या त्याच व्हरांड्यात बसलेली असते. पोलीस गार्द नाही म्हणून आरोपी आणला गेला नाही, तर तीही तशीच परत जाते. त्या दिरंगाईत दोघंही झुरतात.

दुसरा आक्षेप, कैद्यांवर एवढा भरवसा कसा ठेवायचा. अहो, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आपलंच ना? औंध संस्थानाने १९३९ मध्ये तिथे कैद्यांना भिंतीशिवाय, शेतीवर, कुटुंबासह ठेवून दाखवलं. जुन्या कैद्यांकडून बराकीवर देखरेख करून घेणं तर इंग्रजांच्या काळापासून चालू आहे. त्याच माणसांतल्या चार जणांना ऐकायला शिकवायला काय लागतं? दोन खुर्च्या, एक कोपरा आणि ऐकलेलं बाहेर न फोडण्याची हमी. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत काम करतो आहे, म्हणजे वाट अनोळखी नाही.

पण मला विचाराल तर त्याच्याही आधी तारीख. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसेल आणि माणसाला आधी कधी शिक्षा झालेली नसेल, तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर त्याला सोडता येतं. तसा अर्ज कोर्टात करणं हे आता तुरुंग अधीक्षकाचं काम आहे. जामीन होऊनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला कळवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत सांगितलं आहे. बराकीच्या भिंतीवर दर सोमवारी एक कागद लागू दे: कुणाची तारीख कधी, वकील कोण, मागच्या वेळी कोर्टात काय झालं. मला तो मानसोपचाराचाच भाग वाटतो.

आमच्या जुन्या गल्लीतला एक मुलगा मारामारीच्या गुन्ह्यात चौदा महिने आत होता. त्याची आई कालनिर्णयवर लाल पेनने तारखा लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. तुरुंगात भेटीला गेली की जेवलास का विचारायच्या आधी तोच विचारायचा, 'आई, तारीख?' जामीन झाला, पण जामीनदार मिळेपर्यंत आणखी एकोणीस दिवस गेले. गेल्या डिसेंबरात मी पुण्याला गेले तेव्हा तो भेटायला आला. आत सगळ्यात जास्त काय हवं होतं, असं मी विचारलं. घरचं जेवण म्हणेल असं मला वाटलं होतं.

"ताई, जामीन झाल्याचं मला पाच दिवसांनी कळलं," तो म्हणाला. "तेही दुसऱ्या कैद्याकडून. त्या पाच दिवसांत मी काय काय ठरवलं होतं, ते आईला सांगू नका."