ड्रिबल जरा बंद करा आणि वाचायला घ्या

"ताई, यूएक्स शिकायचंय, कुठून सुरू करू? इन्स्पिरेशनसाठी काय बघू?" हा मेसेज इतक्यांदा येतो की म्हटलं एकदाच इथे सगळं लिहून टाकावं, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. यूएक्स म्हणजे यूजर एक्स्पिरियन्स, ॲप किंवा वेबसाइट माणसाला वापरायला कशी जाते त्याचं डिझाइन. ही काही सगळ्यांना लागू पडणारी यादी नाही हां, माझी मतं आहेत, एखाद्याला झोंबतील पण.

पहिलं मत. ड्रिबल, बिहान्स, पिंटरेस्ट अशा, देखण्या डिझाइन्सची चित्रं दिसतात त्या साइट्सवर तासन्‌तास स्क्रोल करणं म्हणजे अभ्यास नाही. मीही बघते, रंगांसाठी बघते, छान असतं ते. पण तिथल्या स्क्रीनवर सगळ्यांची नावं छोटी, सगळ्यांचे फोटो देखणे, नेटवर्क कधी जात नाही, पेमेंट मध्येच लटकत नाही आणि ओटीपी कसा पटकन येतो! मग फ्रेशर्सचे पोर्टफोलिओ उघडले की तेच फूड डिलिव्हरी ॲपचं रीडिझाइन, तीच जांभळी ग्रेडियंट, आणि "हे बटण इथे का ठेवलंस" विचारलं की उत्तर काय, तर "क्लीन दिसतं". पोरांना दोष देत नाहीये मी, ती जिथे बघून शिकली तिथे 'का' लिहिलेलंच नसतं.

म्हणून मी सांगते, जिथे कारण लिहिलंय तिथे जाऊन शिका. दिसायला कितीही बोअर असू दे.

सगळ्यात बोअर आणि सगळ्यात भारी म्हणजे ब्रिटिश सरकारची जीओव्ही डॉट यूके डिझाइन सिस्टिम, त्यांच्या सरकारी साइट्ससाठीचे तयार नमुने आणि नियम. काळी अक्षरं, पांढरी पार्श्वभूमी, हिरवं बटण, संपलं. पण प्रत्येक कंपोनंटच्या, म्हणजे बटण, रकाना अशा एकेका तुकड्याच्या, पानावर तो कधी वापरायचा, कधी वापरायचा नाही आणि तसं का, हे लिहिलेलं असतं. जन्मतारखेचंच घ्या, ते कॅलेंडर देत नाहीत, दिवस-महिना-वर्ष टाइप करायला तीन साधे चौकोन देतात. बरोबरच आहे, स्वतःची जन्मतारीख माणसाला पाठ असते, ती शोधायला कॅलेंडर कशाला? १९६२ साली जन्मलेल्या माणसाला एकेक महिना मागे ढकलत नेणारे फॉर्म आपल्याकडे आजही बनतात. नावासाठी पण ते शक्यतो एकच रकाना ठेवा म्हणतात. आणि नावावरून आठवलं, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या साइटवर जगभरातल्या माणसांची नावं कशी असतात यावर एक लेख आहे, तो वाचाच, म्हणजे 'फर्स्ट नेम, लास्ट नेम' हा हिशोब किती लोकांना लागू पडत नाही ते कळेल. आपल्याकडेच बघा, मार्कशीटवर आडनाव पहिलं, आधारवर शेवटी, लग्नानंतर मधलं नाव पण बदललेलं, आणि वर सिस्टिम म्हणते नाव मॅच होत नाही.

मग निल्सन नॉर्मन ग्रुप, ही यूएक्सवर संशोधन करणारी कंपनी. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जेकब निल्सनचे दहा ह्युरिस्टिक्स, म्हणजे चांगल्या डिझाइनचे ढोबळ नियम, १९९४ चे आहेत, म्हणजे आज शिकणाऱ्या बऱ्याच पोरांपेक्षा वयाने मोठे. पाठ करू नका, एकेक घेऊन आठवडाभर गल्लीत फिरा. पहिलाच आहे की आत काय चाललंय ते वापरणाऱ्याला कळलं पाहिजे. भाजीवाल्याकडचा तो साउंडबॉक्स म्हणजे नेमकं हेच ना! आधी बिचारा ओल्या हातांनी गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये डोकावून बघायचा की पैसे गेले का, आता डबा ओरडून सांगतो, मान वर करायची पण गरज नाही. मुंबईत असाल तर लोकलचा इंडिकेटर बघा. कुठली गाडी, स्लो की फास्ट, किती डब्यांची, किती मिनिटांत, एवढंच, आणि पळत जिना उतरणाऱ्या माणसाला नेमकं एवढंच हवं असतं. भाषा आळीपाळीने बदलतात तेव्हा आपली येईपर्यंत थांबावं लागतं, ते मला पटत नाही, पण त्यावर पर्याय काय हा पोर्टफोलिओसाठी फूड डिलिव्हरीपेक्षा दहापट चांगला प्रोजेक्ट आहे, घ्या कोणीतरी.

वेबसाठी थोडं एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि सांगाडा) आणि सीएसएस (पानाचं रूप) यायलाच हवं, यावर मी भांडायला तयार आहे. एमडीएन ही ते शिकवणारी साइट फुकट आहे, पानावर गोष्टी मांडायला शिकवणारा फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी नावाचा बेडकांचा गेम आहे तो एका दुपारी संपतो. आणि सीएसएस झेन गार्डन ही साइट, २००३ सालची, अजून चालू आहे. एचटीएमएल एकच, फक्त सीएसएस बदलून वेगवेगळ्या लोकांनी अक्षरशः वेगळी वाटणारी पानं केलीत. कोड जुना झालाय, पण कंटेंट आणि रूप वेगळं असतं हे त्याच्याइतकं चांगलं कुठे कळत नाही.

आता माझा खरा राग. मराठीत डिझाइन करणाऱ्यांना देवनागरीबद्दल कोणी काही शिकवत नाही. फिग्मात, म्हणजे स्क्रीन डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, इंग्रजी स्क्रीन करायची, शेवटी मराठी मजकूर चिकटवायचा, की वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालच्या ओळीला टेकतात. लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, इंग्रजीच्या हिशोबाने ठेवली तर हे होणारच. लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की शिरोरेषा तुटते. कॅपिटल अक्षरांनी हेडिंग उठावदार करायची सवय असते, आपल्या लिपीत कॅपिटल नाहीतच, मग वजन, आकार, रंग यावर काम करावं लागतं. आणि पानाची भाषा एचटीएमएलमध्ये मराठी म्हणून सांगितली तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात, हे किती डेव्हलपर्सना माहितीय?

यासाठी आपल्या घरचीच दोन ठिकाणं आहेत. एक, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाची डी-सोर्स ही साइट, फुकट, टायपोग्राफीपासून हस्तकलांपर्यंत प्रचंड मटेरियल. साइट जुनाट दिसते म्हणून मागे फिरू नका. र. कृ. जोशी याच आयडीसीत शिकवायचे, सरकारी पीडीएफमध्ये बघून बघून आपण ज्याला कंटाळलो तो मंगल फॉन्ट त्यांचाच. दुसरं म्हणजे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचं काम. मुक्ता, बलू, मोदक हे त्यांचे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहेत, मुक्तात एक मोठा परिच्छेद लावा, शेजारी दुसऱ्या फॉन्टमध्ये तोच लावा आणि नुसतं बघत बसा.

ॲक्सेसिबिलिटीसाठी, म्हणजे अपंगांनाही वापरता यावं यासाठी, वेबेमचा कॉन्ट्रास्ट चेकर बुकमार्क करा, साध्या मजकुराला अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो, तुमचा तो फिकट राखाडी बहुतेक नापास होईल. फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारी सोय, चालू करून डोळे मिटून स्वतःचं ॲप वापरून बघा, घाम फुटतो. आणि ३० एप्रिल २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा डिजिटल केवायसीवरचा, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्यावरचा, निकाल वाचा. लाइव्ह फोटोसाठी डोळे मिचकवा असं ॲप सांगतं, पण ॲसिड हल्ल्यात डोळे गेलेल्या, पापण्या हलत नसलेल्या माणसाने काय करायचं? कोर्टाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय आणि वीस निर्देश दिलेत. यूएक्सची यापेक्षा चांगली केस स्टडी मला कुठल्या महागड्या कोर्समध्ये दिसलेली नाही.

कोर्सचं म्हणाल तर लाखभर फी भरण्याआधी एनपीटीईएल या आयआयटी-आयआयएससीच्या ऑनलाइन व्यासपीठावरचे डिझाइनचे कोर्स बघा, शिकायला फुकट आहेत, परीक्षेची फी तेवढी वेगळी.

मराठी मीडियमवाल्यांनो, हे सगळं इंग्रजीत आहे हे खरंय. पण जीओव्ही डॉट यूकेवाले मुद्दाम सोप्यात सोपं इंग्रजी लिहितात, म्हणून सुरुवात तिथून करा, रोज एकच कंपोनंट. सुप्रीम कोर्टाच्या त्या निकालाची भाषा मात्र जड आहे, तो दोघातिघांनी मिळून वाचा.